रविवारची उपासना म्हणजे आधी बँड मग भाषण एवढंच उरलंय, सुरुवातीच्या मंडळीकडून नेमकं काय घेता येईल?

खिडकीजवळचा_बाक

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या उपासना समितीत यंदा मला घेतलंय आणि पहिल्याच मीटिंगला जो वाद झाला त्यावरून हा प्रश्न टाकतेय. आमची रविवारची उपासना म्हणजे अर्धा तास गाणी, मग सूचना, मग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं संदेश, एक प्रार्थना, आशीर्वाद आणि सगळे पार्किंगकडे. शास्त्रपाठ वेगळा असा नाहीच, संदेशाला लागतात तेवढ्या चार ओळी स्क्रीनवर येतात. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेणं, महिन्यातून एकदा, तेही शेवटी घड्याळाकडे बघत बघत. गाणी छान असतात, वर्शिप टीम मेहनत घेते, पाळकसाहेब पण तयारी करून बोलतात, म्हणजे कुणाला नावं ठेवायची नाहीयेत मला, पण बसलेल्या माणसाला करायला काही नसतं हो. ऐकायचं आणि बघायचं.

तर तरुण संघातल्या काहींनी मांडलं की आपण सुरुवातीच्या मंडळीच्या पद्धतीकडे जाऊया. चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या डोक्यात काय आहे विचारलं तर मेणबत्त्या, धूप, अंधारात लॅटिन सुरावट, पाळकांना झगा. इंटरनेटवर कुठेतरी बघितलेलं. आणि लगेच वडीलधाऱ्यांनी बाह्या सरसावल्या, हे सगळं सोडूनच तर आपले पूर्वज रोमन चर्चपासून वेगळे झाले, आता परत कर्मकांड आणायचं का वगैरे. मीटिंग तिथेच संपली आणि माझ्यावर काम आलं की जरा अभ्यास करून मांड.

मला दोन गोष्टी हव्यात. पहिली तीन-चारशे वर्षं ख्रिस्ती लोक जमून खरंच काय करायचे, म्हणजे पुरावा असलेलं, ऐकीव नको. आणि त्यातलं काय एका साध्या मंडळीला झेपेल. झगा सोडून बोला प्लीज 🙂

जुनी_पोथी

ताई, झगा तर पहिल्या तीन शतकांत मिळणारच नाही, तेव्हा पुढारी रोजच्याच कपड्यात असायचे, तेव्हा तो वाद तिथेच मिटला.

पुराव्याचं म्हणाल तर सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे जस्टिन मार्टर. रोममध्ये बसून साधारण 155 च्या आसपास त्याने सम्राटाला उद्देशून एक बचावपत्र लिहिलं, कारण बाहेर अफवा होत्या की ख्रिस्ती लोक बंद दाराआड काहीतरी भयंकर करतात. म्हणून त्याने सरळ सांगून टाकलं आम्ही काय करतो ते. रविवारी शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी, म्हणजे शुभवर्तमानं, किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात आणि ते किती तर वेळ असेल तोवर! नंतर पुढारी त्यावर बोध करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, स्वतःसाठी आणि बाकी सगळ्यांसाठी. प्रार्थना झाली की एकमेकांचं चुंबन घेऊन शांती देतात, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणतात, पुढारी आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात, सगळे वाटून घेतात आणि जे आलेले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, घेऊन जातात. आणि ज्याची ऐपत आहे तो इच्छेने देतो, ते पैसे पुढाऱ्याकडे जमा होतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांना मदत होते.

हे दर रविवारी बरं का.

आता हे तुमच्या क्रमाशेजारी ठेवून बघा. मेणबत्तीचा पत्ता नाही. पण तुमच्याकडे जे नाही ते सगळं यात आहे, लांब वाचन, सगळ्यांची मिळून मागणी म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, दर आठवड्याचं मेज म्हणजे प्रभुभोजन, गैरहजर माणसाची आठवण, आणि अर्पण कुठे जातं ते उपासनेच्याच वर्णनात. गंमत म्हणजे या रविवारच्या वर्णनात गाण्याचा उल्लेख नाही. गात नव्हते असं मात्र नाही, कारण त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी, 112 च्या सुमाराला, प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र आहे, त्यात तो म्हणतो हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, आणि शपथ घेतात, पण ती कट करायची नाही तर चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी. ही माहिती खरी का ते तपासायला त्याने दोन दासींचा छळ केला, मंडळीत ज्यांना सेविका म्हणायचे अशा. म्हणजे उपासनेचं हे जुनं वर्णन आपल्यापर्यंत चौकशीच्या फायलीतून आलंय.

तरुण मंडळींना हे आधी वाचायला द्या, धूप नंतर बघू.

मोकळा_आत्मा

मला एक कळत नाही दरवेळी हा दुसऱ्या शतकाचा सोस कशाला. पवित्र शास्त्र पुरेसं नाही का. करिंथकरांस पहिलं पत्र अध्याय 14 काढा, तुम्ही एकत्र येता तेव्हा प्रत्येकाजवळ स्तोत्र असतं, शिक्षण असतं, प्रकटीकरण असतं, अन्य भाषा असते. प्रत्येकाजवळ! ही खरी सुरुवातीची उपासना, आत्म्याने चालवलेली, आणि नंतर हळूहळू छापील प्रार्थना आल्या, बिशप आले आणि सगळं थंड झालं. आता परत त्याच थंडपणाला पुरातन म्हणून डोक्यावर घ्यायचं. जुनं म्हणजे पवित्र असं कुणी सांगितलं? करिंथमध्येच बघा ना, ती तर पहिल्या शतकातली मंडळी, आणि तिथे प्रभूच्या मेजावर एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो म्हणून पौल झापतोय. मग ते पण आणायचं का परंपरा म्हणून?

खिडकीजवळचा_बाक ताई, तुमच्या मंडळीचा प्रॉब्लेम क्रमाचा नाहीये, लोकांच्या मनाचा आहे. क्रम कितीही बदला.

जुनी_पोथी

दादा, करिंथचा मुद्दा एकदम मान्य, सुरुवातीची मंडळी म्हणजे सोन्याचं युग नव्हतंच आणि एकसारखीही नव्हती. पण आधी आत्मा होता आणि नंतर छापील प्रार्थनांनी त्याला मारलं ही जी गोष्ट आपण सगळे ऐकत मोठे झालोय ना, ती कागदांवर टिकत नाही. दिदाखे नावाची छोटी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, शेकडो वर्षं हरवलेली होती आणि 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये ब्रिएनिओस या धर्माधिकाऱ्याला तिचं हस्तलिखित सापडलं. त्यात मेजासाठी ठरलेल्या प्रार्थना शब्दशः दिल्यात, आधी प्याला मग भाकर, आणि त्यातलीच ती सुंदर विनंती की जशी ही मोडलेली भाकर डोंगरांवर विखुरलेली होती आणि एकत्र येऊन एक झाली तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो. आणि या ठरलेल्या प्रार्थना देऊन झाल्या की लगेच पुढे काय लिहिलंय? संदेष्ट्यांना हवी तेवढी उपकारस्तुती करू द्या. एकाच पानावर दोन्ही. त्यांना त्यात भांडण दिसत नव्हतं, आपल्याला दिसतं.

तसंच प्रेषितीय परंपरा नावाचा ग्रंथ, त्यात बिशपसाठी नमुन्याची प्रार्थना आहे आणि सोबत सांगितलंय की हेच शब्द पाठ म्हणायची सक्ती नाही, ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे करावी, फक्त शिकवण बरोबर असावी. या ग्रंथाबद्दल एक सावधगिरी मात्र. विसाव्या शतकात बराच काळ धरून चालले की हा रोमच्या हिप्पोलितसचा, साधारण 215 चा, आणि त्या भरवशावर अनेक चर्चेसनी त्यातली प्रार्थना उचलली. नंतर पॉल ब्रॅडशॉ वगैरे अभ्यासकांनी दाखवलं की तो वेगवेगळ्या काळात थरावर थर चढत गेलेला दिसतो. म्हणून कुणी हीच एकमेव मूळ पद्धत असं छातीठोक सांगायला लागला की जरा थांबायचं. मूळ एक नव्हतंच, अंत्युखियात वेगळं, रोममध्ये वेगळं, आलेक्झांड्रियात आणखी वेगळं.

बाय द वे दिदाखेत रविवारी भाकर मोडण्याआधी पापं कबूल करा आणि ज्याचं शेजाऱ्याशी भांडण आहे त्याने मिटवल्याशिवाय यायचं नाही असंही आहे. तुम्ही जे मनाचं म्हणताय ते त्यांनी क्रमातच घातलं होतं.

साउंडडेस्क

मी मिक्सरच्या मागे बसणारा माणूस आहे, तर माझ्या बाजूने.

सुरुवातीच्या मंडळीची पद्धत पूर्ण आणायची तर माझी नोकरी गेली 😄 कारण त्या काळातले बहुतेक शिक्षक वाद्यांच्या विरोधात होते, बासरी आणि तंतुवाद्यं म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे नाटकशाळा, मेजवान्या आणि मूर्तींची मिरवणूक यायची. नुसता आवाज. तरुण संघाला हे सांगून बघा, ड्रमर काय म्हणतो ते मला पण कळवा.

पण गंभीरपणे, वाद्यं काढायची गरज नाही, मला त्यात घेण्यासारखी गोष्ट वेगळी वाटते. गाणं लोकांचं होतं. स्तोत्र म्हणणारा एकटा ओळ म्हणायचा आणि लोक एक छोटं पालुपद उत्तरात द्यायचे. 356 साली आलेक्झांड्रियात रात्रीची जागरण-उपासना चालू असताना सैनिकांनी चर्चला वेढा घातला, बिशप अथनेशियस खुर्चीवरून उठला नाही, त्याने डीकनला स्तोत्र म्हणायला लावलं आणि लोकांना उत्तर द्यायला, त्याची दया सनातन आहे. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. विचार करा, दारात शस्त्रं घेतलेली माणसं आहेत आणि आत लोक काय गाताहेत तर एकच ओळ, जी पुस्तक न बघता, स्क्रीन न बघता, लहान पोरालाही येते. अशा वेळी आपलं चार कडवी, ब्रिज आणि दोनदा की बदलणारं गाणं कोण गाऊ शकणार.

आणि दुसरं, कुणाला राग येऊ नये, पण गाणाऱ्यांच्या कानात मॉनिटर असतात, त्यांना लोकांचा आवाज ऐकूच येत नाही. लोकांना पण स्वतःचा येत नाही कारण स्पीकर एवढे मोठे. मी कधी कधी शेवटच्या कडव्याला न विचारता फेडर हळूहळू खाली आणतो, सगळे चॅनल, फक्त एक पेटी ठेवतो, आणि मागच्या रांगेतल्या आज्या-आजोबांचा आवाज एकदम वर येतो. काही लोक दचकून आजूबाजूला बघतात की हे कोण गातंय. तेच गात असतात.

पण उलटंही सांगतो, हे लोकांचं गाणं तेव्हाही आपोआप टिकलं नाही. चौथ्या शतकातच लावदिकीया इथल्या बिशपांच्या परिषदेने नियम केला की नेमलेल्या गायकांशिवाय कुणी चर्चमध्ये गाऊ नये. म्हणजे वर्शिप टीम विरुद्ध मंडळी हा वाद सोळाशे वर्षं जुना आहे, आपण काही नवीन पाप करत नाही.

रोजची_मिस्सा

मी कॅथलिक आहे, तर तुम्ही जे करायला निघालात ते आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय, त्याचा अनुभव कामाला येईल म्हणून लिहिते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे आमच्या जगभरच्या बिशपांच्या सभेचा, उपासनेवरचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 ला आला, पण त्याच्या मागे पन्नासेक वर्षांचा अभ्यास होता, बेल्जियम, जर्मनी, फ्रान्समधले मठ, जुनी हस्तलिखितं धुंडाळणारे लोक. त्यातून काय आलं तर लोकांची भाषा, श्रद्धावंतांची मागणी जी शतकानुशतकं जवळपास गळूनच गेली होती, तीन वर्षांचा वाचनक्रम म्हणजे बायबलचा पूर्वीपेक्षा बराच जास्त भाग रविवारी कानावर पडतो, मोठ्यांसाठी टप्प्याटप्प्याने बाप्तिस्म्याची तयारी. जुनी_पोथी म्हणाले तो प्रेषितीय परंपरेचा नमुना आमच्या दुसऱ्या क्रमांकाच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेचा आधार आहे, आणि ती सगळ्यात छोटी असल्याने फादर लोकांची सगळ्यात लाडकी पण, कारण तुम्ही समजून घ्या.

एवढं सगळं मिळूनही काही लोक संदेशाच्या वेळी येतात आणि ख्रिस्तशरीर घेतलं की तसेच दाराबाहेर. म्हणजे मोकळा_आत्मा यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मी म्हणेन क्रम चांगला असला की निदान पाळक थकलेला असला किंवा माझं मन नसलं तरी मला शास्त्र ऐकायला मिळतं, जगासाठी प्रार्थना होते, मेज मांडलं जातं. सगळा भार एका माणसाच्या त्या दिवशीच्या मूडवर येत नाही. तुमच्या पद्धतीत तो येतो आणि मला त्या पाळकांची कीव येते.

अजून एक. जुन्या काळाला फार गोड रंग देऊ नका. एगेरिया नावाची बाई 380 च्या दशकात यरुशलेमला गेली आणि घरच्या भगिनींसाठी सगळं वर्णन लिहून ठेवलं, झावळ्या घेऊन जैतून डोंगरावरून मुलंबाळं कडेवर घेऊन येणारे लोक, रात्रभर जागणं, शास्त्र ऐकताना हुंदके. तीच बाई हेही सांगते की शुभ शुक्रवारी वधस्तंभाच्या लाकडाचं चुंबन घ्यायला लोक रांगेत येतात तेव्हा भोवती डीकन पहाऱ्याला उभे असतात, कारण म्हणे कधीतरी एकाने चुंबन घेता घेता दाताने तुकडा तोडून पळवला होता! भाविक तेव्हाही भाविकच होते. आणि तिथे बिशप ग्रीकमध्येच बोलायचा, पण शेजारी एक धर्मगुरू उभा राहून सिरियाकमध्ये सांगायचा आणि ज्यांना दोन्ही येत नाही त्यांना लॅटिनमध्ये सांगणारेही कुणीतरी असायचे. समजलं पाहिजे हा आग्रह जुनाच आहे, म्हणून तरुणांचा तो लॅटिन सुरावटीचा हट्ट जरा तपासा, ज्या काळी रोममध्ये लॅटिन आली तेव्हा ती सामान्यांना कळावी म्हणूनच आली होती.

मोकळा_आत्मा

फेडर खाली आणण्याचं आवडलं. आणि भांडण मिटवून मग मेजाकडे यायचं हे तर मत्तय 5 मध्येच आहे, त्याला माझी ना नाही.

पण दर आठवड्याला प्रभुभोजन याला माझा विरोध. सवयीचं होतं. महत्त्व राहत नाही. महिन्यातून एकदा असतं म्हणून निदान लोक तयारीने येतात.

निवृत्त_पाळक

मोकळा_आत्मा भाऊ, दर आठवड्याला संदेश दिल्याने संदेशाचं महत्त्व कमी होतं असं मला सेवेच्या काळात एकदाही कुणी म्हटलं नाही, म्हणत असते तर मी थोडी विश्रांती घेतली असती. अर्पण पण दर आठवड्याला घेतो आपण, तिथेही सवयीची भीती वाटत नाही कुणाला. विनोद सोडा, पण वडीलधाऱ्यांना सांगायला एक गोष्ट ठेवा, प्रॉटेस्टंट सुधारक खुद्द कॅल्विनला जिनिव्हात प्रभुभोजन दर आठवड्याला हवं होतं, 1537 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी तसं मांडलं, नगरपरिषदेने ऐकलं नाही आणि शेवटी वर्षातून चार वेळा यावर तडजोड झाली. म्हणजे आपण ज्याला आपली परंपरा म्हणून जपतो ती काही ठिकाणी नगरसेवकांची परंपरा आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. तुमचे वडीलधारे म्हणतात हे सगळं सोडूनच आपण वेगळे झालो, त्यावर त्यांना दक्षिण भारत मंडळीचं उदाहरण द्या. 27 सप्टेंबर 1947 ला अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोक एकत्र आले, म्हणजे ज्यांची उपासनेवरून पिढ्यान्पिढ्या जमत नव्हती असे, आणि 1950 मध्ये त्यांनी प्रभुभोजनाचा जो विधी तयार केला त्यात पुढारी मेजामागे लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि शांतीची खूण हाताहाताने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जाते. ही हातांची खूण त्यांनी केरळातल्या जुन्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतून घेतली. जगातल्या कितीतरी प्रॉटेस्टंट चर्चेसनी नंतर आपले विधी सुधारताना याच विधीकडे बघितलं. तेव्हा जुन्याकडून घेणं म्हणजे रोमकडे परत जाणं ही भीती निराधार आहे. पश्चिमेकडे सुवार्तिक म्हणजे इव्हँजेलिकल मंडळींमधून रॉबर्ट वेबर हे प्राध्यापक जन्मभर हेच सांगत राहिले, 2007 मध्ये वारले, त्यांचा आग्रह असा की उपासना म्हणजे माझ्या भावना फुलवायची जागा नाही, देवाने उत्पत्तीपासून शेवटापर्यंत काय केलं ती सगळी गोष्ट आठवायची आणि मेजावर साजरी करायची जागा. मला त्यांचं सगळं पटत नाही पण हे पटतं.

आणि मतभेदच राहिले तर पॉलिकार्प आणि अनिसेतस आठवा. दुसऱ्या शतकाच्या मध्याला ईस्टर कधी पाळायचा यावरून स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमच्या बिशपाकडे, अनिसेतसकडे, गेला, दोघांनी बरंच समजावून बघितलं, कुणीच कुणाचं ऐकलं नाही. तरी अनिसेतसने आपल्या मंडळीत पॉलिकार्पला मेजाची सेवा करू दिली आणि दोघे शांतीने वेगळे झाले. समितीच्या मीटिंगला एवढं जमलं तरी पुष्कळ.

माझा सल्ला, एकदम क्रम बदलू नका. मी एका मंडळीत नवीन पाळक आला आणि पहिल्याच महिन्यात सगळं उलटंपालटं केलं हे जवळून बघितलंय, सहा महिन्यांत अर्धी मंडळी दुसरीकडे आणि उरलेली गप्प. लोकांना उपासना पाठ असते, छापील नसली तरी, तुमचा अर्धा तास गाणी हाही एक विधीच आहे. आधी शास्त्रपाठ आणा. जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान, चार वेगवेगळी माणसं वाचतील, संदेशाशी जुळलं नाही तरी चालेल. नंतर मागणी. एका माणसाने मायक्रोफोनवर गोळाबेरीज करायची नाही, एक जण विषय सांगेल, आजाऱ्यांसाठी, सत्तेवरच्यांसाठी, तुरुंगातल्यांसाठी, आणि प्रत्येक विषयानंतर मंडळी एका वाक्यात उत्तर देईल. हे दोन रुजले की मेजाचा विषय काढा.

खिडकीजवळचा_बाक

बापरे, मी दोन दिवस मोबाइल बघितला नाही आणि इथे समितीपेक्षा चांगली मीटिंग झाली. सगळ्यांचे आभार.

तरुण संघाच्या दोघांना जस्टिनचं वर्णन वाचायला दिलं. एकाचा चेहरा पडला, म्हणाला यात तर काहीच नाही, आपल्या मंडळीसारखंच साधं आहे. दुसरीने मात्र लगेच विचारलं की आपलं अर्पण कुठे जातं. आता तो प्रश्न मी समितीत कसा मांडू हे बघतेय कारण हिशोब वर्षातून एकदा वाचला जातो आणि त्यात इमारत, साउंड, मानधन यांच्यापुढे गरिबांसाठीची ओळ फार लहान असते. धूप आणला असता तर कमी भांडण झालं असतं असं वाटतंय.

अजून एक अडचण. शास्त्रपाठ चार घेतले तर वाचणारे कुठून आणू? आमच्याकडे वाचायला दिलं की लोक टेलिफोन डिरेक्टरी वाचल्यासारखं वाचतात, नाहीतर एकदम नाटकी.

आणि गैरहजर लोकांकडे भाकर न्यायची ही कल्पना मला फार आवडली, आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या काही आज्या आहेत ज्यांना पाळकसाहेब ईस्टर आणि नाताळला भेटतात, बाकी वर्षभर कुणी नाही. पण हे कुणीही नेऊ शकतं का?

निवृत्त_पाळक

ते तुमच्या मंडळीच्या नियमांवर आहे, काही ठिकाणी फक्त दीक्षित सेवक, काही ठिकाणी वडील म्हणजे एल्डर किंवा नेमलेले लोक चालतात. पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय करू नका. परवानगी मिळाली तर दोघांनी जा, त्याच दिवशी, उपासना संपली की थेट. तिथे त्या दिवसाचाच एक शास्त्रपाठ वाचा म्हणजे आजींना कळेल की ही वेगळी सोय नाही, त्या याच उपासनेत आहेत. तरुण संघाला हे काम द्या. त्यांना पुरातन काहीतरी करायचं होतं ना, घ्या.

हिशोबाचं दर महिन्याला सूचनांमध्ये दोन ओळीत सांगा, कुणाला मदत गेली ते नाव न घेता. वाद होईल, होऊ दे.

जुनी_पोथी

वाचणाऱ्यांबद्दल. त्या काळी हे वेगळं नेमलेलं काम होतं, तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन छळात टिकलेल्या तरुणांना वाचक म्हणून नेमतो आणि मंडळीला कौतुकाने पत्र लिहून कळवतो. म्हणजे ज्याला वेळ आहे त्याला पुढे ढकलायचं असं नव्हतं. सहा-सात जण निवडा, त्यात एखादी शाळेतली मुलगी आणि एखादे आजोबा असू द्या, शनिवारी अर्धा तास बसवा, रिकाम्या हॉलमध्ये मोठ्याने वाचायला लावा आणि एक जण शेवटच्या बाकावर बसून ऐकेल. विरामचिन्हं बघायची, नावं आधी विचारून घ्यायची, अभिनय करायचा नाही. आणि वाचून झालं की लगेच बोलायला उठू नका, पंधरा-वीस सेकंद तसेच जाऊ द्या.

स्क्रीनवर मजकूर टाकू नका असं मी सुचवेन. डोळे स्क्रीनवर गेले की कान बंद होतात. याच्यावर साउंडडेस्क माझ्याशी भांडतील.

साउंडडेस्क

नाही भांडत, उलट एक काम कमी. फक्त ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्यासाठी छापील चार-पाच प्रती ठेवा.

ताई, स्तोत्र 136 ने सुरुवात करा, त्याची दया सनातन आहे हे पालुपद त्यात प्रत्येक ओळीला आयतं आहे. सुरावट तीन-चार सुरांचीच ठेवा आणि पट्टी खाली घ्या, आपल्याकडे सगळी गाणी मुख्य गायिकेच्या पट्टीत असतात आणि म्हणून निम्मे पुरुष तोंड मिटून उभे असतात. पहिल्या रविवारी पेटी द्या सोबतीला, दुसऱ्या रविवारपासून ती पण बंद. आणि स्तोत्र म्हणणाऱ्याचा माइक पालुपदाच्या वेळी म्यूट करायला तुमच्या ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो भला माणूस आवाज कमी पडतोय म्हणून वाढवत बसेल.

मोकळा_आत्मा

136 ला मोकळी साक्ष पण जोडता येईल. स्तोत्रातल्या ओळी संपल्या की मंडळीतल्या कुणीही उठून एका वाक्यात देवाने काय केलं ते सांगायचं आणि सगळ्यांनी तेच पालुपद द्यायचं. दिदाखेतल्या संदेष्ट्यांना परवानगी होती तर आम्हालाही द्या.

खिडकीजवळचा_बाक

हे घेतलं, फक्त एका वाक्यात हे तुम्ही आमच्या लोकांना समजावून सांगायला या 😄 मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. शास्त्रपाठ, मागणी आणि 136 एवढंच मांडते आधी, अर्पणाचा विषय त्या मुलीलाच मांडायला सांगणार आहे.